सागवानी बॉडीचा बेस: कामाच्या नोंदी

18 ऑगस्ट 2024

धाकट्या मुलीने मागच्या वर्षी बेस गिटार शिकायला घेतली. त्या सुमारास एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचे सामान विकले जात होते, त्यातून चार तारांचा एक जुना बेस आम्ही घरी आणला. वर्षभर वाजवल्यावर त्याच्या तीन तक्रारी पक्क्या झाल्या आहेत. तारा सारख्या उतरतात, सहाव्या पडद्यावर खरखर येते, आणि ॲम्प्लिफायर सुरू केला की काही वाजवण्याआधीच खोलीत एक जाडसर गुणगुण भरून राहते. आज सगळ्या तारा काढल्या, नेकचे, म्हणजे पडदे बसवलेल्या लांब मानेचे, चार स्क्रू सोडवले आणि पहिल्या तक्रारीचे कारण हातातच आले. बॉडी प्लायवूडसारखी थरांची आहे. आमच्याकडच्या चार महिन्यांच्या ओलीने नेकच्या खाचेजवळचे थर फुगून सुटले आहेत आणि चारपैकी दोन स्क्रू नुसत्या बोटांनी फिरवले तरी बाहेर येतात. चारही तारांचा मिळून ताण ऐंशी किलोच्या आसपास असतो. एवढ्या ओढीखाली नेक खाचेत केसभर जरी सरकली तरी स्वर उतरणारच.

मी सुतार नाही आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलो नाही. घरी भजनासाठी तंबोरा आहे, त्याची जवारी, म्हणजे घोडीवर तार टेकण्याची नेमकी ठेवण, बिघडली तर कानाला कळते, एवढीच माझी वाद्यांशी ओळख. म्हणून असे ठरवले की नेक मूळचीच ठेवावी, बॉडी नवी करावी आणि वायरिंग पहिल्यापासून करावे. पडदे बसवलेली नवी नेक करणे हे नवशिक्याचे काम नव्हे.

नेक ठेवण्यासारखी आहे की नाही हे मात्र मोजून पाहिले. वरच्या नटपासून, म्हणजे नेकच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीपासून, बाराव्या पडद्यापर्यंत 432 मिलिमीटर भरले. बारावा पडदा तारेच्या मध्यावर असतो, म्हणजे तारेची पूर्ण लांबी 864, अर्थात 34 इंच. अमेरिकेतले गिटार बनवणारे लिओ फेंडर यांनी 1951 साली आणलेल्या प्रिसिजन बेसची लांबी हीच होती आणि आजही बहुतेक बेस याच लांबीचे असतात. उभ्या डबल बेसवर जो स्वर कानाने शोधावा लागतो तो इथे पडद्यांमुळे नेमक्या जागी सापडतो, म्हणून त्याचे नाव प्रिसिजन, म्हणजे अचूकता. आमचा बेस त्याच घडणीचा आहे. तारांचे कंपन विजेच्या लहरीत बदलणारा, त्यावरचा दोन तुकड्यांचा पिकअपही 1957 साली प्रिसिजनवर आलेल्या रचनेचा. पडद्यांच्या जागांचा हिशेब सोपा आहे: उरलेल्या लांबीला 17.817 ने भागले की पुढच्या पडद्याचे अंतर मिळते. पहिला पडदा नटपासून 48.5 मिलिमीटरवर यायला हवा, तो तिथेच आहे. पाचवा, सातवा आणि बारावाही तपासला. ज्याने ही नेक केली त्याने पडद्यांच्या जागा प्रामाणिकपणे कापल्या आहेत.

25 ऑगस्ट 2024

नेकमधल्या ट्रस रॉडला आज हात लावला. ही पोलादी सळई नेकच्या पोटात असते आणि तारांच्या ओढीला उलटा जोर देते. पूर्ण सरळ नेकही चालत नाही, कारण छेडलेली तार मधोमध सर्वांत जास्त हलते. तिला जागा मिळावी म्हणून अगदी थोडा बाक लागतो. तो मोजण्यासाठी दोन तारा तात्पुरत्या चढवल्या. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबून धरली आणि आठव्या पडद्यापाशी तार व पडदा यांच्यामध्ये मोटारसायकलच्या टॅपेटसाठी वापरतात तो फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा मापक, सरकवून पाहिला. 1.1 मिलिमीटर! हवा होता 0.3 ते 0.4.

रॉडचा नट इतका घट्ट होता की जोर लावण्याची भीती वाटली. यंत्रतेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवले, सकाळी आधी किंचित सैल केला आणि मग पाव फेरा घट्ट केला. प्रत्येक पाव फेऱ्यानंतर तासभर थांबून मोजले. तीन पाव फेऱ्यांत 0.4 वर आला. इथे थांबलो. घाईने एकदम पूर्ण फेरा दिला असता तर रॉड तुटला असता आणि तुटलेला रॉड काढायचा म्हणजे फिंगरबोर्ड, पडदे बसवलेली नेकवरची फळी, उचलावा लागतो.

8 सप्टेंबर 2024

लाकूड मिळाले. गल्लीतल्या एका जुन्या घराचा माळा उतरवला जात होता, त्यातल्या सागवानी फळ्यांपैकी एक मालकांनी मला दिली. फळी दीड मीटर लांब, 18 सेंटिमीटर रुंद आणि पन्नास मिलिमीटर जाड आहे. खिळ्यांची काळी छिद्रे एका कडेला आहेत, ती कापण्यात निघून जातील.

फेंडरच्या कारखान्यात बॉडीसाठी ॲश आणि पुढे आल्डर वापरले गेले. दोन्ही आपल्याकडची झाडे नव्हेत. मिरजेचे कारागीर सतार-तंबोऱ्यासाठी तून वापरतात, ते सागापेक्षा हलके असते आणि वजनाच्या दृष्टीने बेसलाही बरे पडले असते. तरी मी सागच निवडला. एक तर तो दारात चालून आला, आणि दुसरे म्हणजे कित्येक पावसाळे माळ्यावर काढलेले हे लाकूड आता वळणार नाही याची मला खात्री वाटते. वजनाचा अंदाज आधी काढला. पूर्ण चौकोनी ठोकळा 46 बाय 33 बाय 4.4 सेंटिमीटर, आकार कापल्यावर आणि खाचा काढल्यावर साधारण 3900 घन सेंटिमीटर उरेल, सागाची घनता 0.65 धरली तर अडीच किलोच्या वर. जुनी बॉडी किराणा दुकानाच्या काट्यावर 2 किलो 100 ग्रॅम भरली होती. साडेचारशे ग्रॅम खांद्यावर वाढतील, ते मान्य केले.

फळीचे दोन तुकडे करून आतल्या खोलीत उभे ठेवले आहेत. आठवडाभर त्यांना हात लावायचा नाही.

22 सप्टेंबर 2024

आजचा दिवस चुकीचा गेला आणि चूक माझी आहे. दोन्ही तुकड्यांच्या कडा रंधून सरळ केल्या होत्या, उजेडासमोर धरल्यावर मध्ये फट दिसत नव्हती. त्या कडा मी मागच्या रविवारी रंधल्या आणि गोंद काल लावला. आज क्लॅम्प काढून ठोकळा टेबलावर ठेवताना हातातून जरा आपटला आणि सांधा काड्याची पेटी उघडावी तसा सरळ उघडला. एकाही बाजूला लाकडाचा तंतू उपटलेला नव्हता. गोंदाचा पापुद्रा एका कडेवर जसाच्या तसा काचेसारखा बसलेला होता.

इथल्या, कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका सुतारमिस्त्रींना तो तुकडा दाखवला. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला, वास घेतला आणि विचारले, “रंधून किती दिवस झालं?” आठवडा झाल्याचे सांगितल्यावर म्हणाले, “सागाला अंगचं तेल असतंय. रंधलं की त्याच दिवशी चिकटवायचं. ठेवलं की तेल वर आलं.”

29 सप्टेंबर 2024

कडांवरून पुन्हा एक पातळ रंधा फिरवला, थिनरने ओली केलेली स्वच्छ चिंधी दोनदा फिरवली, वास उडेपर्यंत दहा मिनिटे थांबलो आणि लगेच फेविकॉल लावून चार क्लॅम्प आवळले. सांध्यातून दोन्ही बाजूंना बारीक मण्यांसारखा गोंद सर्वत्र सारखा बाहेर आला, म्हणजे दाब सगळीकडे पोचला आहे. चोवीस तासांनी टोकाकडचा एक इंचाचा तुकडा मुद्दाम कापून हातोडीने फोडला. या वेळी तो सांध्याच्या बाजूच्या लाकडात फुटला, सांधा शाबूत राहिला.

6 ऑक्टोबर 2024

आकार जिगसॉने कापला आणि खाचा राऊटरने काढल्या. दोन्ही यंत्रे मिस्त्रींची. त्यांच्याच शेडमध्ये, ते शेजारी उभे असताना काम केले. एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीचा, साचा मी जुन्या बॉडीवरून आधीच करून नेला होता. सागवान पात्याची धार खातो असे त्यांनी आधीच बजावले होते आणि खरोखरच तिसऱ्या खाचेपर्यंत पाते जळका वास देऊ लागले, तेव्हा ते बदलून घेतले.

नेकची खाच हा बॉडीचा सर्वांत नाजूक भाग. रुंदी 63.5 मिलिमीटर, खोली 16. एका दमात तीन मिलिमीटरपेक्षा जास्त खोल जायचे नाही, असे ठरवून पाच-सहा फेऱ्यांत ती काढली. पहिल्या फेरीत मी राऊटर दाबून पुढे ढकलत होतो. मिस्त्रींनी हात माझ्या मनगटावर ठेवला आणि म्हणाले, “भावा, त्याला ढकलायचं न्हाई. त्याचं ते चालतंय, तू नुसता संगं राहा.” जोर कमी केल्यावर यंत्राचा आवाजच बदलला, कण्हणे थांबून एकसारखा सूर लागला आणि खाचेची भिंत गुळगुळीत येऊ लागली. नंतर वरच्या शिंगाच्या वळणावर, जिथे लाकडाचे तंतू उलटे पडतात, तिथे त्यांनी स्वतः राऊटर घेतला. मी केले असते तर तिथला ढलपा नक्की उडाला असता.

नेक खाचेत हाताने दाबून बसवली आणि बॉडी खाली ठेवून नुसती नेक धरून उचलली. स्क्रूशिवाय बॉडी लटकत राहिली. ते पाहून झालेला आनंद इथे लिहून ठेवतो.

सागाचा भुसा नाकाला आणि कातडीला झोंबतो. मास्क होता, तरी कोपरांवर पुरळ आले. पुढच्या वेळी पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा.

19 ऑक्टोबर 2024

ब्रिजवर तारा ज्यांच्यावरून जातात त्या सॅडल जुन्या बेसवर जस्ताच्या होत्या आणि जाड तारेने त्यातल्या एकीत खोल चर पडला होता. नव्या सॅडल विकत घेण्याऐवजी शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्यांकडून पितळेच्या करून घेतल्या. ज्या गल्लीत दिवसभर पंपांचे आणि इंजिनांचे भाग कातले जातात तिथे चार इवल्या सळयांचे काम कोण घेईल अशी शंका होती. त्यांनी जुनी सॅडल व्हर्निअरमध्ये धरली, दोन आकडे खडूने पत्र्यावर लिहिले आणि जेवणाच्या सुट्टीत चारही करून दिल्या, उंचीच्या स्क्रूंच्या आट्यांसकट. त्यांच्याकडे 10 मिलिमीटर व्यासाची पितळी सळई तयार होती, जुन्या सॅडल 8 मिलिमीटरच्या होत्या. एवढ्याने काय फरक पडतो असे वाटून मी 10 ला होकार दिला.

तारांसाठीच्या खाचा घरी तिकोनी कानशीने घातल्या, दोन तारांमध्ये 19 मिलिमीटर अंतर ठेवून.

10 नोव्हेंबर 2024

दिवाळीच्या सुट्टीत घासकाम झाले: 80, 120, 180 आणि शेवटी 320 नंबरचा पॉलिशपेपर. उजवे कोपर टेकते तिथला उतार आणि पाठीमागे पोटाला लागणारी कड कानशीने व रंध्याने काढली. बॉडी आता 2 किलो 550 ग्रॅम.

पॉलिश चपड्याचे, म्हणजे लाखेच्या पापुद्र्यांचे, करायचे आधीपासून ठरले होते, पण पावसाळी हवेत चपडा पांढुरका पडतो म्हणून थांबलो होतो. अर्धा लिटर स्पिरिटमध्ये शंभर ग्रॅम चपडा विरघळवून, जुन्या मलमलीत कापूस गुंडाळलेल्या बोळ्याने रोज दोन हात दिले. एकूण चौदा हात झाले. सागाचा रंग तिसऱ्या हातापासून मधासारखा उघडत गेला. मुलीला काळा रंग हवा होता. पाचव्या हातानंतर तिने तो विषय सोडून दिला.

24 नोव्हेंबर 2024

नेक आणि ब्रिज एका रेषेत आणण्याचे काम. मोजपट्टीवर विसंबून राहिलो नाही. नेक खाचेत बसवली, नटच्या दोन्ही बाहेरच्या खाचांतून शिवणाचा पांढरा दोरा ओढून ब्रिजपर्यंत ताणला आणि दोन्ही दोऱ्यांचे नेकच्या कडांपासूनचे अंतर शेवटच्या पडद्यापाशी सारखे होईपर्यंत ब्रिज डावी-उजवीकडे सरकवला. पाऊण मिलिमीटर सरकवल्यावर ते जमले. लांबीच्या दिशेने ब्रिज अशा जागी ठेवला की सर्वांत बारीक तारेची सॅडल 34 इंचांवर असताना जाड तारेच्या सॅडलला आणखी सहा-सात मिलिमीटर मागे जायला वाव राहील. जाड तार दाबताना तुलनेने जास्त चढते, ती चढण भरून काढायला तिची लांबी थोडी वाढवावी लागते.

सागात थेट स्क्रू घालू नये. आधी बारीक ड्रिल, मग स्क्रूला मेणबत्तीचे मेण.

15 डिसेंबर 2024

वायरिंग. आवाजाला आणि टोनला प्रत्येकी 250 किलोओहमचा पॉट, म्हणजे फिरवून कमी-जास्त करायचा रोधक, टोनसाठी 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ज्यावर 473 असा आकडा छापलेला असतो. पॉट घेताना एक गोष्ट पाहावी लागते. रेडिओ-टीव्हीच्या सुट्या भागांच्या दुकानात सहज मिळतो तो बहुधा बी अक्षराचा, सरळ चढणीचा असतो. आपला कान आवाज सरळ चढणीने मोजत नाही, म्हणून बी पॉटवर आवाजाचा सगळा फरक फेऱ्याच्या एका टोकाला गोळा होतो. ए अक्षराचे पॉट हवेत. ते दुकानदारांनी मागवून दिले.

पिकअपचे दोन तुकडे म्हणजे बारीक तारेच्या वेटोळ्यांच्या दोन स्वतंत्र कॉइल, एक जाड दोन तारांखाली, एक बारीक दोन तारांखाली, आणि दोन्ही एकापुढे एक जोडलेल्या. मल्टिमीटरवर एक 5.2 आणि दुसरी 5.3 किलोओहम आली, दोन्ही जिवंत आहेत. त्यांना जोडणारी वायर मात्र बुरशी लागल्यासारखी हिरवी पडली होती, ती कापून नवी डाखली. ब्रिजखालून एक वायर जमिनीच्या जोडणीला नेली, म्हणजे वाजवताना तारांना हात लागला की अंगातून शिरणारी गुरगुर कमी होते. ॲम्प्लिफायरच्या प्लगचे आणि भिंतीतल्या सॉकेटचे अर्थिंग वायरमनकडून आधीच तपासून घेतले होते. तारा धातूच्या आहेत आणि त्यांवर मुलीचा हात असतो. इथे हयगय नको.

29 डिसेंबर 2024

तारा चढवल्या: 45, 65, 85, 105, ही जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत. सागवानी बॉडीवर पहिला स्वर वाजला तेव्हा घरातले सगळे खोलीत होते. स्वर छान, लांब टिकणारा. आणि त्याच्या मागे जुनी गुणगुण जशीच्या तशी.

खाचांना आतून तांब्याची चिकटपट्टी लावली आणि ती जमिनीच्या वायरला डाखली. ट्यूबलाइटपाशी येणारी चरचर गेली. खालची जाड गुणगुण मात्र तसूभरही हलली नाही. दोन वेळा सगळे डाख तपासले.

संध्याकाळी मुलगी वाजवत बसली होती. ती म्हणाली, “पप्पा, जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावर आवाज झोके घेतोय. दुसऱ्या पडद्यावर नाही घेत.” मी ऐकले. स्वर स्थिर न राहता सेकंदाला दोनदा फुगत आणि ओसरत होता. ट्यूनर लावला, स्वर अचूक होता. तिने तार बदलली आणि सर्वांत बारीक तार मोकळी छेडली. तिथेही तोच झोका.

यावर रात्री बराच वेळ आकडेमोड केली. बेसच्या मोकळ्या तारा 41.2, 55, 73.4 आणि 98 हर्ट्झच्या असतात. जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा स्वर 49 हर्ट्झ. आपल्या घरातली वीज 50 हर्ट्झची. हे दोन आवाज एकत्र आले की सेकंदाला एक झोका पडणार. त्यांच्या दुपटी 98 आणि 100, त्यांचे सेकंदाला दोन. आमच्या ॲम्प्लिफायरचा स्पीकर लहान आहे, 50 हर्ट्झ तो नीट वाजवतच नाही, म्हणून कानाला दुपटीचे झोके ऐकू येतात. बारीक मोकळी तार 98, तिचेही गणित तेच. तंबोऱ्याच्या दोन जोडतारा जुळवताना आपण हाच झोका ऐकत ऐकत मंद करत नेतो. इथे मुलीचा स्वर आणि विजेचा स्वर न जुळलेल्या जोडतारांसारखे वाजत होते.

म्हणजे गुणगुण विजेचीच आहे आणि ती चुंबकीय वाटेने थेट कॉइलमध्ये शिरते. तांब्याचा पातळ पत्रा एवढ्या मंद चुंबकीय लहरीला अडवू शकत नाही, म्हणून पट्टी लावूनही काही झाले नाही. बेस हातात धरून जागच्या जागी वळून पाहिले, तर एका दिशेला गुणगुण कमी होत होती आणि दुसऱ्या दिशेला वाढत होती. खात्री पटली.

12 जानेवारी 2025

पण मग दोन तुकड्यांच्या पिकअपचा उपयोग काय? त्याची रचनाच अशी आहे की दोन कॉइलचे चुंबक एकमेकांच्या उलट आणि जोडणीही उलट. बाहेरची गुणगुण दोन्हींत सारखी शिरते, पण जोडणी उलट असल्याने एकीची दुसरीला छेद देते. तारांचा आवाज मात्र राहतो, कारण प्रत्येक तार एकाच कॉइलवरून जाते. तिला छेद द्यायला दुसरीकडे काही नसते.

होकायंत्र आणून कॉइलवर धरले. जाड तारांच्या बाजूला सुईचे एक टोक ओढले गेले, बारीक तारांच्या बाजूला दुसरे. चुंबक बरोबर उलट आहेत. तेव्हा राहिली जोडणी. 15 डिसेंबरला मी हिरवी पडलेली वायर बदलली तेव्हा कॉइलची कोणती दोन टोके एकत्र होती हे लिहून घेतले नव्हते. मात्र गुणगुण तर माझ्या हातात येण्याआधीपासून होती. तेव्हा आधीही कुणीतरी दुरुस्ती करताना टोके उलटी लावली असणार आणि मी तीच उलट जोडणी पुन्हा केली, असा माझा तर्क आहे. अशी चूक पकडली जात नाही याचे कारण वर आलेच आहे: टोके उलटी लागली तरी चारही तारा उत्तम वाजतात, काही कमी झाल्यासारखे वाटतच नाही, फक्त गुणगुण वजा होण्याऐवजी बेरीज होते.

एका कॉइलची दोन टोके डाखून काढली, अदलाबदल करून परत लावली. दहा मिनिटांचे काम. ॲम्प्लिफायर सुरू केला तेव्हा तो बंदच आहे असे वाटून मी त्याचा दिवा वाकून पाहिला. मुलीने तिसऱ्या पडद्यावर बोट ठेवले आणि तार छेडली. स्वर एकसंध, तार थांबेपर्यंत.

26 जानेवारी 2025

सहाव्या पडद्याची खरखर राहिली होती. सोबत एक नवी अडचण: बाराव्या पडद्यावर जाड तारेची उंची 3.5 मिलिमीटर, आणि सॅडल आधीच तळाला टेकलेल्या. हवी होती 2.5. याचा हिशेब उद्यमनगरातच करायला हवा होता. सॅडलचा व्यास दोन मिलिमीटर वाढला म्हणजे तार ब्रिजपाशी दोनने वर गेली आणि मधोमध, बाराव्या पडद्यावर, एकने. नेमका तेवढाच फरक आहे.

पितळ परत कातून घेण्यापेक्षा नेकचा कोन बदलला. सागाची एक पाचर रंधून केली, एका टोकाला अर्धा मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला शून्य, आणि जाड टोक ब्रिजच्या बाजूला येईल अशी खाचेच्या तळाशी बसवली. नेक किंचित मागे झुकली. उंची 2.5. कागदाच्या घड्या घालूनही हे करतात, पण मग खाचेत पोकळी राहते. पूर्ण तळ व्यापणारी लाकडी पाचर मला जास्त पटली.

16 फेब्रुवारी 2025

सकाळी छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवरून मिरजेला गेलो. घरचा तंबोरा जवारीसाठी न्यायचाच होता, बेसही बरोबर घेतला. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या कारागिरांकडे आम्ही वर्षानुवर्षे जातो त्यांच्या दुकानात आता त्याचा उल्लेख अभिमानाने होतो.

त्यांनी तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवताना मला जवळ बसवून दाखवले. घोडीचा माथा सपाट नसतो, केसाएवढा उतरता गोल असतो. कंपन पावणारी तार त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते आणि त्यातून स्वराचे वरचे पदर उमलतात. दोरा तारेखाली सरकवून ते टेकण्याची जागा शोधत होते. एका जागी आवाज बंद, जरा पुढे चिरका, आणि मध्येच एक जागा अशी आली की खोली भरून गेली. मग त्यांनी बेस मांडीवर घेतला, सहावा पडदा दाबून बारीक तार छेडली आणि खरखर ऐकून म्हणाले, “हीपण जवारीच आहे, फक्त नको तिथं लागलीय. तुम्ही दाबता सहाव्यावर. तार टेकते पुढं. सातवा बघा.”

घरी आल्यावर स्टीलच्या पट्टीचा छोटा तुकडा सहावा, सातवा आणि आठवा अशा तीन पडद्यांवर ठेवला. पट्टी सातव्यावर डुगडुगली. बाकी सगळीकडे स्थिर. भिंगातून पाहिले तर सातव्या पडद्याचे बारीक तारांकडचे टोक फिंगरबोर्डपासून उचललेले होते, आणि त्याखाली वहीचा कागद सरकत होता. गेले वर्षभर आम्ही सहाव्या पडद्याला दोष देत होतो.

प्लास्टिकच्या हातोडीने ते टोक हलके ठोकून बसवले, फटीत पातळ सुपरग्लूचा एक थेंब सोडला, लाकडी ठोकळा ठेवून क्लॅम्पने अर्धा तास दाबून धरले. आजूबाजूच्या लाकडाला आधी मेण लावून ठेवले होते, त्यामुळे सांडलेला गोंद नखाने निघाला. पट्टी आता डुगडुगत नाही.

शेवटी स्वरस्थाने जुळवली. बाराव्या पडद्यावर तार नुसती स्पर्शून निघणारा स्वर आणि तीच तार तिथे दाबून निघणारा स्वर सारखे यायला हवेत. दाबलेला चढला तर सॅडल मागे, उतरला तर पुढे. बारीक तारेची सॅडल 865 वर राहिली, जाड तारेची 870 वर.

2 मार्च 2025

पट्टा चप्पल लाईनमधल्या एका कारागिरांकडून करून घेतला. कोल्हापुरी चपलेचेच कातडे, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेले. साडेसात सेंटिमीटर रुंद आणि आतली बाजू मुद्दाम खरखरीत ठेवलेली, म्हणजे सदऱ्यावरून घसरत नाही. वाद्याचे एकूण वजन 4 किलो 300 ग्रॅम झाले आहे. रुंद पट्ट्यामुळे मुलगी दीड तास उभी राहून वाजवते आणि हात सोडले तरी नेक खाली कलत नाही. कारागिरांनी बक्कल लावले नाही. वादीच वादीत ओवून लांबी कमी-जास्त करता येते, पितळेचे काही बॉडीला घासत नाही.

13 एप्रिल 2025

हवा कोरडी झाली आहे. नेकच्या कडेवरून बोट फिरवले की पडद्यांची टोके टोचतात, कारण फिंगरबोर्डचे लाकूड आडवे आकसते आणि धातू आहे तेवढाच राहतो. सर्व टोके बारीक कानशीने तिरकी घासून घेतली, कडेला चिकटपट्टी लावून, म्हणजे लाकडावर ओरखडा नको. नेकचा बाक 0.4 वरून 0.2 वर आला आहे, त्यामुळे पहिल्या तीन पडद्यांवर किंचित घासल्यासारखा आवाज येत होता. ट्रस रॉड पाव फेऱ्याच्या अर्ध्याने सैल केला, तासभर थांबून मोजले: 0.3. जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर पुन्हा मोजायचे आहे. फीलर गेज बेसच्या पिशवीतच ठेवला आहे.